पंक्चर काढले, पण काटा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की पंक्चरच्या दुकानासमोर दुचाक्या वाढतात. त्यात नवल नाही. ओले रबर कोरड्यापेक्षा सहज चिरते, कारण पाणी काचेच्या धारेला वंगणासारखे काम करते. शिवाय रस्त्याच्या कडेची खडी, काच आणि खिळे वाहत मधल्या पट्ट्यात येतात. पण दुकानासमोर उभ्या असलेल्यांतले काही जण आठवड्यात दुसऱ्यांदा आलेले असतात, तेही त्याच चाकासाठी. "अहो, परवाच तर काढलं होतं" हे वाक्य तारांच्या चाकाच्या बाबतीत फार ऐकू येते. हे पत्र त्या दुसऱ्या पंक्चरबद्दल आहे, कारण पहिल्या वेळी नीट पाहिले असते तर त्यातली बरीचशी पंक्चरे झालीच नसती.

मॅगव्हील (तारा नसलेले ओतीव चाक) आणि ट्यूबलेस टायर आल्यापासून पंक्चर म्हणजे पाच मिनिटांचे काम असा समज झाला आहे. तारांच्या चाकाचे तसे नाही. शेतावर जाणाऱ्या साध्या शंभर सीसीपासून बुलेट, एक्सपल्स, हिमालयनपर्यंत अनेक गाड्यांना तारांची चाके आहेत. बहुतेकांच्या रिमला ३६ तारा, म्हणजे निप्पलची (तार रिमला आवळणाऱ्या बारीक नटाची) ३६ भोके आणि वर व्हॉल्व्हचे एक. अशी चाळणी हवा धरू शकत नाही, म्हणून आत ट्यूब. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला खिळा स्वतःच बूच होऊन बसतो आणि हवा हळूहळू जाते. ट्यूबच्या चाकात तीच हवा ट्यूबमधून टायरच्या पोकळीत येते आणि निप्पलच्या भोकांतून, व्हॉल्व्हच्या बाजूने फुस्सकन निघून जाते. म्हणून हे चाक अचानक बसते. मागचे बसले तर गाडी शेपटी हलवू लागते, पुढचे बसले तर हँडल जड होऊन एका बाजूला ओढते. अशा वेळी ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, बसलेल्या चाकाच्या ब्रेकला हात-पाय लावायचा नाही, दुसऱ्या चाकाचा ब्रेक अलगद धरून गाडी कडेला घ्यायची.

कडेला घेतल्यावर मात्र ती ढकलायची, चालवायची नाही. "दुकान समोरच दिसतंय" म्हणून पाचशे मीटर चालवलेली ट्यूब सहसा पॅच घेण्याजोगी राहत नाही. हवा नसलेला टायर रिमवर घसरतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकून राहतो. त्या ओढाताणीत व्हॉल्व्हचे बूड फाटते. टायर उघडल्यावर आत काळी रबराची पूड सापडली तर समजावे की ट्यूब दळली गेली आहे. अशी पूड असेल तर टायरच्या बाजूच्या भिंतीही आतून तपासाव्या लागतात. रबराखालचा विणीचा दोरा दिसत असेल तर टायर गेला.

आता निदान. पाना हातात घेण्याआधी व्हॉल्व्ह पाहा, कारण काही 'पंक्चरे' तिथेच संपतात. टोपण काढून हवा भरा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल आहे किंवा तिचे रबर झिजले आहे. पाव आटा आवळून बुडबुडा थांबला तर काम झाले, नाही तर पिन बदला. ती अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे. मग व्हॉल्व्हच्या देठाशी, रिमलगत, थेंब टाकून देठ बोटाने इकडेतिकडे हलवा. तिथे बुडबुडे आले तर बूड फाटले आहे आणि ट्यूब बदलण्यावाचून उपाय नाही. तिथे पॅच धरत नाही.

त्याच वेळी देठ सरळ उभा आहे का तेही बघा. तो एका बाजूला कलला असेल तर कमी हवेवर चालून टायर रिमवर सरकला आहे. देठावरचा नट रिमला घट्ट आवळून ठेवला की हे कलणे लपते. म्हणून खडकाळ वाटांवर गाडी चालवणारे तो नट रिमपासून वर, टोपणाला टेकवून ठेवतात. टोपण मात्र लावलेच पाहिजे, आणि आत रबराची चकती असलेले. पिनने दगा दिला तर हवा तेच धरते.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर चाक सावकाश फिरवत टायर पाहा. खिळा दिसला की लगेच उपटायचा मोह होतो. आधी टायरच्या बाजूला खडूने खूण करा, मग काढा. पुढच्या सगळ्या तपासाची किल्ली ही खूण आहे. खिळा जागेवर असेल तर चाक काढायचीही गरज नसते. गाडी मधल्या स्टँडवर लावून टायरची एकच कड, म्हणजे जिच्या आत तार असते ती बीड (जिल्हा नव्हे), खुणेच्या आसपास उघडायची, ट्यूबचा तेवढाच भाग ओढून पॅच लावायचा आणि परत घालायची. ट्यूब बदलायची असेल तर मात्र हे चालत नाही. अखंड वळे एक्सलवरून निघणार नाही, चाक काढावेच लागते.

चाक काढण्याबद्दल थोडक्यात. मागे ब्रेक रॉडचा नट, त्याची स्प्रिंग आणि पिन एका डबीत ठेवा. ब्रेक प्लेट फिरू न देणारी पट्टी सोडा. शंभर सीसी वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना चेनच्या बाजूला एकाआड एक दोन नट असतात. बाहेरचा एक्सलचा, आतला मोठा स्लीव्ह नट. मोठ्याला हात लावू नका. तो स्प्रॉकेटला मागच्या चिमट्याला धरून ठेवतो. फक्त बाहेरचा काढून एक्सल ओढला की चेन आणि स्प्रॉकेट जागेवर राहतात आणि चाक हब रबरांसकट बाजूला निघते. घाईत दोन्ही नट सोडले की चेन उतरवा, ताण पुन्हा लावा, अशी अर्ध्या तासाची भर पडते. एक्सलवरची कॉलर (अंतर राखणारी आखूड नळी) कुठल्या बाजूची हे पाहून ठेवा. पुढच्या चाकाला डिस्क असेल तर चाक निघाल्यावर ब्रेकचा लिव्हर दाबू नका आणि पॅडच्या फटीत लाकडाची चकती घाला.

चाक गोणपाटावर आडवे ठेवा. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, देठाचा नट सोडा आणि पायाने टायरची कड सगळीकडून रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा. इथे एक गोष्ट कळली की निम्मे काम हलके होते. टायरच्या कडेतली तार ताणत नाही. समोरची कड खोलगट भागात उतरली की तेवढी ढील या बाजूला मिळते. व्हॉल्व्हपाशी मात्र ट्यूबचे बूड आडवे येते, तिथे कड खाली उतरत नाही. म्हणून उघडायला सुरुवात व्हॉल्व्हपाशी करायची आणि बसवताना शेवट व्हॉल्व्हपाशी. पुष्कळ जण उलटे करतात, मग शेवटच्या वीतभर कडेवर टायर उघडायच्या लोखंडी पट्टीने जोर लावतात आणि नव्या ट्यूबला स्वतःच्या हाताने भोक पाडतात. पट्ट्या गोल टोकाच्या, साधारण २५ ते ३० सेंमी लांबीच्या हव्यात. स्क्रू ड्रायव्हर हे या कामाचे अवजार नाही.

ट्यूब बाहेर काढताना व्हॉल्व्ह टायरच्या कोणत्या अक्षराशी होता आणि ट्यूबची कोणती बाजू वर होती, हे लक्षात ठेवा. शक्यतो टायरवर खडूने व्हॉल्व्हची जागा लिहा. हे न करता ट्यूब ओढून पाण्यात टाकली की भोक सापडते, पण ते टायरच्या आणि रिमच्या कोणत्या जागेसमोर होते हे कायमचे हरवते. दुसऱ्या पंक्चरचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. ट्यूब फुगवा, पण तिच्या नेहमीच्या जाडीच्या दीडपटीच्या पुढे नको. घमेल्यात एकेक भाग दाबत पूर्ण फिरवा. एक भोक सापडले म्हणून थांबू नका. बॉलपेनने भोकावर मोठी फुली काढा, तिच्या रेघांची टोके पॅचच्या बाहेर जातील इतकी लांब, म्हणजे घासल्यावरही मधला बिंदू हरवणार नाही.

आता ट्यूब टायरवर पूर्वीसारखी पसरून भोक वाचायचे.

भोक बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असेल तर वस्तू टायरमधून आली आहे आणि ती अजूनही तिथे असू शकते. बाभळीचा काटा टायरच्या पृष्ठभागाशी मोडतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतून अर्धा मिलिमीटर टोक असते, तेही चाकावर वजन आले तरच वर येते. दुसरा छुपा शत्रू म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरमधली पोलादी तार, महामार्गाच्या कडेला पडलेली, केसापेक्षा जराशी जाड. हाताने चाचपू नका, बोट चिरेल आणि बारीक टोक कळणारही नाही. कापसाचा बोळा किंवा जुनी बनियन आतून फिरवा. अडकेल तिथे धागे राहतात. मग टायर त्या जागी उलटा वाकवून नोज प्लायरने ओढून काढा. टायरलाच चीर पडली असेल आणि ती दोऱ्यापर्यंत गेली असेल तर ट्यूबला पॅच लावून काही होत नाही, ट्यूब त्या चिरेतून फुगून बाहेर येऊ पाहते.

जवळजवळ दोन चिरा, सेंटिमीटरभर अंतरावर, एकमेकींना समांतर दिसल्या तर खिळा शोधू नका. हवा कमी होती, चाक खड्ड्याच्या काठावर आदळले आणि ट्यूब टायर आणि रिमची कड यांच्यामध्ये चिमटली. अशा वेळी रिमची कड बोटाने तपासा, ती दबलेली असू शकते. एकच चीर, ट्यूबच्या बाजूला, टायरच्या कडेजवळ असेल तर ती बहुधा मागच्या वेळच्या पट्टीची आहे. त्यात कोणाचा अपमान नाही. पट्टी गरजेपेक्षा एक इंच जास्त आत गेली की हे होते.

ट्यूबच्या सांध्यावर लांब फाट असेल तर ती जुनी झाली आहे किंवा मापाची नव्हती. १८ इंची चाकात १७ ची ट्यूब ताणून बसते, पातळ होते आणि बारीक काट्यापुढेही टिकत नाही. मोठ्या मापाची घातली तर तिला घडी पडते आणि घडीवर ती झिजते. दोन्ही प्रकार "माल संपला, हे चालेल" या वाक्याने सुरू होतात. ट्यूबवर छापलेले माप टायरच्या मापाशी स्वतः ताडून पाहा.

आणि भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर? तारांच्या चाकाचा खरा प्रश्न इथे आहे, आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. मॅगव्हीलला हा प्रकारच नसतो, त्यामुळे नव्या मुलांना तो शिकवलाही जात नाही.

रिमच्या आत, निप्पलच्या डोक्यांवर, एक रबरी पट्टी असते. दुकानात तिला रिम टेप म्हणतात. तारांच्या ३६ निप्पलांपासून ट्यूबला वाचवणे एवढेच तिचे काम. किंमत दोन-तीन वडापावांची. पण ती वाळून तुटते, एका बाजूला सरकते, आणि एखाद्या घाईच्या दुपारी चाकाबाहेर राहून कचऱ्यात जाते. ट्यूबवर आतल्या बाजूला गोल, नाण्यासारखे ठसे ओळीने दिसले तर ट्यूब थेट निप्पलवर टेकत होती. त्यातल्या एका ठशाच्या मध्यावर बारीक भोक असते.

टेप काढून रिम पाहा. प्रत्येक निप्पलवर बोट फिरवा. तारेचे टोक निप्पलच्या डोक्याबाहेर आले असेल तर ते कानशीने सपाट करा. चाकाचा आउट (डुलणे) काढताना निप्पल आवळले की तार आत सरकते. बाहेरून चाक सरळ फिरते आणि आत सुई उभी राहते. म्हणून आउट काढल्यावर, विशेषतः नव्या तारा बसवल्यावर, टायर न उतरवता गाडी सोडणे हा अर्धवट कारभार आहे. मग तारा वाजवून पाहा. पान्याने हलके टोले मारत गेले की ताणलेली तार टणकन वाजते, सैल तार थप्प बोलते. मागच्या चाकाच्या तारा बहुतेक हबपाशी, वाकलेल्या भागात तुटतात. तुटलेली तार ओढत नाही, पण तिचा निप्पल आत ढकलला जाऊ शकतो. अशी एक तार दुर्लक्षित राहिली की शेजारच्या दोघींवर ताण वाढतो.

लोखंडी रिमला पावसाचे पाणी निप्पलच्या भोकांतून आत जाऊन गंज चढतो. क्रोमचा पापुद्रा उठला की तो ब्लेडसारखा लागतो. तारेच्या ब्रशने गंज खरवडा, पॉलिश पेपर मारा, झिंक प्रायमरचा हात देऊन पूर्ण वाळू द्या, मगच नवी टेप. टेप रिमच्या इंचाच्या मापाचीच घ्या आणि तिचे भोक व्हॉल्व्हच्या भोकावर नेमके बसवा. खेड्यात टेप मिळत नसेल तर जुन्या ट्यूबचे अखंड, सांधा नसलेले वळे कापून घालतात. चालते, फक्त रुंदी सगळीकडे सारखी हवी आणि कडा टायरच्या कडेखाली जाता कामा नयेत. सुतळी किंवा चिकटपट्टी गुंडाळून केलेले उपाय पाण्याने सुटतात.

पॅच लावणे हे सगळ्यांना येते असे मानले जाते, आणि सर्वांत जास्त चुका तिथे होतात. भोकाभोवती, पॅचपेक्षा बोटभर मोठ्या जागेत, ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. रबराची चकाकी जाऊन ती जागा मळकट काळी दिसली पाहिजे. ट्यूबवर साच्याची उभी रेघ असते. भोक तिच्याजवळ असेल तर रेघ पूर्ण सपाट करा, नाही तर पॅचखाली तिच्या कडेने बोगदा राहतो आणि हवा त्यातून निघते. पूड कोरड्या ब्रशने झाडा. पेट्रोलने पुसण्याची पद्धत आहे, पण फडका ऑइलचा असेल तर घासलेले सगळे वाया.

सोल्यूशनचा पातळ हात द्या, पॅचपेक्षा मोठा. आणि थांबा. कोरड्या हवेत पाच ते सात मिनिटे, पावसात त्याहून अधिक. बोटाची मागची बाजू लावल्यावर ओले लागत नाही, फक्त किंचित ओढल्यासारखे होते, तेव्हा ते तयार. हे सोल्यूशन कागदाच्या डिंकासारखे ओले असताना चिकटत नाही. त्यातले द्रावक उडून गेल्यावर पॅचच्या खालच्या थराशी रबर जुळते. ओल्या सोल्यूशनवर पॅच ठेवला की द्रावक आत कोंडते, दुकानात सगळे ठीक दिसते आणि उन्हात उभ्या गाडीच्या तापलेल्या टायरमध्ये पॅचची कड उचलली जाते. तोंडाने फुंकर घालणेही नको, श्वासातली वाफ त्यावर बसते. ही सात मिनिटे कामगाराला परवडत नाहीत आणि गिऱ्हाइकाला पटत नाहीत. "झालं का, झालं का" म्हणणारे गिऱ्हाईक या चुकीत बरोबरीचे भागीदार आहे.

पॅचच्या खालच्या बाजूला बोट न लावता कागद सोला, मधोमध ठेवा, आधी मध्य दाबा आणि मग कडेकडे, म्हणजे हवेचा फुगा अडकत नाही. पॅच भोकाच्या चहूबाजूंनी निदान एक सेंटिमीटर पसरलेला हवा. रबरी फळीवर ठेवून हातोडीच्या दांड्याने किंवा बारीक रोलरने दाबा. वरचा पातळ कागद तसाच राहिला तरी बिघडत नाही. शेवटी शंखजिऱ्याची पूड लावा, म्हणजे उरलेल्या सोल्यूशनमुळे ट्यूब टायरला चिकटत नाही. जुन्या ट्यूबचा चौकोनी तुकडा पॅच म्हणून लावू नका. त्याची कड जाड असते आणि कोपरे आधी उचलतात. कात्रीने गोल कापणे एवढे तरी कराच.

हीट पॅच, म्हणजे कच्चे रबर ठेवून शिकंज्यात तापवून लावलेला पॅच, नीट केला तर उत्तम. जास्त तापला तर भोवतालची ट्यूब कडक होते आणि पॅचच्या कडेला नवी भेग पडते. तशी ट्यूब वाकवली की पॅचभोवती कागदासारखी चुरचुरते. व्हॉल्व्हलगत, सांध्यावर आणि जुन्या पॅचवर चढवून पॅच लावू नयेत. अशा ट्यूबचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही, विशेषतः पुढच्या चाकाच्या.

ट्यूबमध्ये ओतायचे 'पंक्चरप्रूफ' द्रव मिळतात. ट्यूबलेस टायरमध्ये त्यांचा काही उपयोग असेल, ट्यूबमध्ये बेभरवशाचे. ट्यूब ताणलेली असते, त्यामुळे भोक मोठे होत जाते. शिवाय द्रव पिनमध्ये साचतो आणि पुढे पॅच लावायची वेळ आली की घासलेल्या जागेवर पसरून तोही धरू देत नाही. तसाच दुसरा हल्ली चाललेला प्रकार म्हणजे साध्या तारांच्या रिमची भोके आतून सिलिकॉनने बंद करून ट्यूबलेस बनवणे. ट्यूबलेसच्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा बारीक उंचवटा असतो. रिमवर मापाशेजारी एमटी अशी अक्षरे सहसा अशा रिमची खूण असतात, डब्ल्यूएम ट्यूबच्या रिमची. उंचवटा नसलेल्या रिमवर हवा गेली की कड सुटून खोलगट भागात पडते आणि वळणावर टायर रिम सोडू शकतो. कारखान्यातून ट्यूबलेस म्हणून आलेली तारांची चाके वेगळी. त्यांच्या तारा रिमच्या कडेला अडकवलेल्या किंवा रिम बंद केलेली असते. हिमालयन ४५० ला असा पर्याय आता मिळतो.

बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, फक्त गोल आकार येईल इतकी. सपाट ट्यूब पट्टीखाली सापडते, फार फुगलेली आत जात नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहा. नव्या टायरवर रंगीत ठिपका असेल तर तो सहसा हलका भाग असतो, तो व्हॉल्व्हशी आणा. देठाचा नट दोन-तीन आटे लावून ठेवा. व्हॉल्व्हच्या समोरून कड चढवत या, साबणाचे पाणी लावा, बसलेल्या भागावर गुडघे ठेवा. शेवटचा वीतभर भाग जड वाटला तर जोर वाढवू नका, समोरची कड खोलगट भागातून वर आली आहे, ती पुन्हा दाबा. शेवटी देठ बोटाने आत ढकलून परत ओढा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकलेली नाही याची खात्री होते.

मग हवा भरा, पूर्ण सोडा आणि पुन्हा भरा. ही दुसरी वेळ बहुतेक ठिकाणी गाळली जाते. पहिल्या भरण्यात ट्यूबला पडलेल्या घड्या सोडल्यावर मोकळ्या होतात. टायरच्या भिंतीवर रिमला समांतर एक बारीक रेघ असते. ती चाकभर रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल तर कड बसलेली नाही. चाक बसवताना पुढच्या ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या नळीवरच्या उंचवट्यात बसवा. ती चुकली तर ब्रेक मारताच प्लेट चाकासोबत फिरते आणि चाक जाम होते. मागे ब्रेक दाबून धरून एक्सल आवळा, म्हणजे प्लेट मध्यावर येते. ब्रेक प्लेटच्या पट्टीचा नट आणि त्याची पिन विसरू नका. चेनची खालची ढील साधारण २० ते ३० मिमी आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या.

हवेचा आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात असतो. साध्या शंभर सीसी गाडीला पुढे २५ पीएसआयच्या आणि एकट्यासाठी मागे २८ च्या आसपास, डबलसीटला मागे बरीच जास्त. दोघे बसून वर दुधाचे कॅन लावणाऱ्या गाड्या मागे २८ वरच चालतात, आणि खड्ड्यावरच्या जुळ्या चिरांचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. हवा टायर थंड असताना तपासायची. पेट्रोल पंपांवर हवा मोफत देणे तेल कंपन्यांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी मशीन असते, पण मीटरचा काटा हलत नाही. त्याची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी काचेवर टिचकी मारून पाहावी, एवढी विनंती या पत्रातून करतो.

दुसरी विनंती दुचाकी कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरना. तारांच्या चाकाचा टायर बदलताना रिम टेप बदललीच पाहिजे, असे कामाच्या यादीत छापून टाका.

आणि तिसरी, पंक्चर काढणाऱ्या आमच्या बंधूंना. पॅचचे पैसे मिळतात, शोधण्याचे मिळत नाहीत, हे आम्हांलाही ठाऊक आहे. तेव्हा शोधण्याचे वीस-तीस रुपये वेगळे सांगून घ्या आणि टायरमधून निघालेला खिळा, काटा किंवा तार गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवा. रिमच्या बाजूचे भोक असेल तर तो निप्पल दाखवा. जुळ्या चिरा असतील तर हवा कमी होती ते सांगा. यातले काहीच दाखवता आले नाही, तर चाक अजून बसवू नका.

आपले,
दुचाकी दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक, सांगली